आणखी कुणाच्या मुलाला?

लहान मुलाला कर्करोग झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, की आईबापांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो एकच. आमच्याच मुलाला का? पोरानं कधी तंबाखूला हात लावलेला नसतो, बिडी ओढलेली नसते. कित्येकदा ते अजून शाळेतही गेलेलं नसतं. मग हे दुखणं त्याच्या वाट्याला आलं कुठून? डॉक्टरांपाशी या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा नसतं, कारण लहान मुलांच्या कर्करोगाची कारणं आजही बऱ्याच अंशी अज्ञात आहेत. मग ती रिकामी जागा शेजारीपाजारी भरून काढतात. कुणी नशीब म्हणतं, कुणी पूर्वजन्मीचं म्हणतं, आणि कुणीतरी हळूच आईलाच विचारतं, पोटाशी असताना ग्रहण पाळलं नव्हतंस का?

पण काही आईबाप तिथं थांबत नाहीत. ते दुसरा प्रश्न विचारतात. आणखी कुणाच्या मुलाला?

हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. पहिल्या प्रश्नाला आकाशाकडं बघावं लागतं, दुसऱ्याला गावाकडं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोजून काढता येतं. निदान मोजायला सुरुवात तरी करता येते. आज मला या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे.

मी हातकणंगले तालुक्यातला. शाळेत इतिहास शिकवण्यात सारी नोकरी गेली. निवृत्तीनंतर माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. त्याच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला होता आणि महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात त्याच्या फेऱ्या चालू होत्या. तो म्हणाला, "सर, आमच्या पट्ट्यात तीन वर्षांतलं हे तिसरं पोर. हे नदीमुळं असेल का हो?"

नदी म्हणजे पंचगंगा. प्रयाग चिखलीच्या संगमापासून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंत या नदीत काय काय सोडलं जातं, हे आमच्याकडं शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. गावांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, कापडाच्या प्रोसेसचं रंगीत पाणी. उन्हाळ्यात मेलेले मासे तरंगू लागले, की वर्तमानपत्रांत फोटो येतात. अशा नदीकाठी राहणाऱ्या बापाला "हो, नदीमुळंच" म्हणणं फार सोपं होतं. "छे, तसं काही नसतं" म्हणणंही तितकंच सोपं होतं. पण दोन्ही वाक्यांना पुरावा लागतो. तो कसा गोळा होतो, याआधी कुणी गोळा केला, हे बघावं म्हणून मी वाचायला बसलो. वाचता वाचता पोचलो थेट अमेरिकेतल्या एका गावात.

बोस्टन शहराच्या उत्तरेला, वीसेक किलोमीटरवर वूबर्न नावाचं गाव आहे. वस्ती चाळीस हजारांच्या आसपास. एकोणिसाव्या शतकापासून ते कातडी कमावण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध. पुढं रसायनांचे कारखाने आले. कोल्हापुरी माणसाला हे चित्र अगदीच परकं वाटू नये. या गावानं पाणीपुरवठ्यासाठी १९६४ आणि १९६७ साली दोन नव्या विहिरी खोदल्या. त्यांना नावं दिली 'जी' आणि 'एच'. पूर्व वूबर्नमधल्या घरांत मुख्यतः त्यांचं पाणी येऊ लागलं, आणि तेव्हापासून लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या. पाण्याला वास येतो, चव बरी नाही, भांड्यांवर डाग पडतात. पाणी चांगलं आहे, असं अधिकारी सांगत राहिले.

त्याच भागात अ‍ॅन अँडरसन नावाची एक गृहिणी राहत होती. १९७२ च्या जानेवारीत तिच्या धाकट्या मुलाला, जिमीला, ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. जिमी तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. उपचारांसाठी बोस्टनला जाता-येता अ‍ॅनला आपल्याच भागातल्या इतर आया भेटू लागल्या. रुग्णालयात एक दिसली, दुकानात दुसरीबद्दल ऐकू आलं. सगळ्यांच्या मुलांना तोच आजार. अ‍ॅनच्या मनात आलं, या सगळ्या घरांत समान काय आहे? हवा आणि पाणी. आणि पाण्याला तर वास येतच होता.

तिनं हे नवऱ्याला सांगितलं, चर्चच्या पाद्र्याला सांगितलं, मुलाच्या डॉक्टरांनाही सांगितलं. कुणाला ते पटलं नाही. दुःखानं आईचं मन भरकटलं आहे, असंच सगळ्यांना वाटलं. तिच्यापाशी ना शिक्षण होतं ना पद. होती ती नुसती शंका. अशी सात वर्षं गेली.

मे १९७९ मध्ये विहिरींजवळच्या एका मोकळ्या जागेत कुणीतरी चोरून टाकलेली १८४ पिंपं सापडली. खबरदारी म्हणून राज्याच्या अधिकाऱ्यांनी विहिरींचं पाणी तपासलं. 'जी' विहिरीत ट्रायक्लोरोइथिलिन नावाचं रसायन निघालं. यंत्रांच्या सुट्या भागांवरचं तेल आणि ग्रीस धुऊन काढायला हे वापरतात. प्रमाण होतं एक अब्ज भागांमध्ये २६७ भाग. अमेरिकेत पुढं पिण्याच्या पाण्यासाठी कायदेशीर मर्यादा ठरली ती ५ भागांची. पण त्या वेळी अशी मर्यादाच नव्हती. विहिरी लगेच बंद करण्यात आल्या. गंमत अशी, की हे प्रदूषण त्या पिंपांचं नव्हतंच. ते जुनं होतं, जमिनीखालून झिरपत आलेलं होतं. पिंपं केवळ निमित्त झाली. ती सापडली नसती, तर पाणी तपासलंच गेलं नसतं.

मग तो पाद्री, ब्रूस यंग, पुढं आला. त्यानं स्थानिक वर्तमानपत्रातून आवाहन केलं, की ज्यांच्या मुलांना ल्युकेमिया झाला आहे त्यांनी अमुक दिवशी चर्चमध्ये यावं. ४ ऑक्टोबर १९७९ ला ही सभा झाली. लोकांनी नावं, पत्ते, वयं, निदानाच्या तारखा लिहून दिल्या. बारा मुलं निघाली. अ‍ॅन आणि यंग यांनी गावाच्या नकाशावर बारा खुणा केल्या. त्यातल्या निम्म्या पूर्व वूबर्नच्या एका लहानशा पट्ट्यात पडल्या. जिमीच्या ज्या डॉक्टरांनी आधी मान हलवली होती, त्यांनी हा नकाशा बघितला आणि थेट अमेरिकेच्या राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राशी संपर्क साधला.

इथं मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अ‍ॅन अँडरसन १९७३ साली जे बोलत होती, तेच १९७९ साली बोलत होती. फरक एवढाच पडला, की आता तिच्या हातात नावांची यादी आणि नकाशा होता. शंका तीच होती, पण आता ती मोजता येत होती.

सरकारी चौकशीचा अहवाल जानेवारी १९८१ मध्ये आला. १९६९ ते १९७९ या काळात वूबर्नमध्ये मुलांच्या ल्युकेमियाचे पाचेक रुग्ण अपेक्षित होते, प्रत्यक्षात बारा होते. पूर्व भागात तर प्रमाण फारच जास्त होतं. म्हणजे आईचं म्हणणं खरं ठरलं. पण पाण्यामुळंच हे झालं का, याविषयी अहवालानं हात वर केले. विहिरी सुरू झाल्यापासूनच्या पाण्याचे तपासणी अहवालच नव्हते, मग संबंध जोडायचा कशाच्या आधारावर? हा अहवाल जाहीर होण्याच्या पाच दिवस आधी जिमी वारला होता. बारा वर्षांचा होऊन.

पुढची हकीकत बरीच मोठी आहे. आठ कुटुंबांनी १९८२ मध्ये कंपन्यांवर दावा लावला. हार्वर्ड विद्यापीठाच्या दोन संख्याशास्त्रज्ञांनी, मार्व्हिन झेलेन आणि स्टीव्हन लॅगाकोस यांनी, गावातल्या शेकडो स्वयंसेवकांना हाताशी धरून हजारो घरांत दूरध्वनीवरून पाहणी केली. १९८४ मध्ये त्यांनी सांगितलं, की त्या विहिरींचं पाणी आणि मुलांचा ल्युकेमिया यांचा संबंध दिसतो. त्यावर टीकाही झाली, कारण माहिती गोळा करणारे गावकरीच होते. १९८६ मध्ये ७८ दिवस खटला चालला. ज्युरीनं बीट्रिस फूड्स या कंपनीला सोडलं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला निष्काळजीपणाबद्दल दोषी धरलं. पण न्यायाधीशांनी तो निकाल बाजूला ठेवून फेरसुनावणीचा आदेश दिला आणि ग्रेस कंपनीनं ८० लाख डॉलरवर तडजोड केली. दोष मात्र मान्य केला नाही. खटल्याचे टप्पे पाडलेले होते. त्यामुळं पाण्यानं मुलं आजारी पडली का, हा मुख्य प्रश्न त्या कोर्टासमोर कधी आलाच नाही. याच खटल्यावर जोनाथन हार यांनी पुस्तक लिहिलं आणि १९९८ मध्ये त्यावर हॉलीवूडचा चित्रपटही निघाला.

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य खात्याचा सविस्तर अभ्यास यायला १९९७ साल उजाडलं. त्यात दिसलं, की ज्या आयांनी गरोदरपणी त्या विहिरींचं पाणी प्यालं, त्यांच्या मुलांना ल्युकेमियाचा धोका अधिक होता आणि पाणी जितकं जास्त तितका धोका जास्त. पण अभ्यासातली आजारी मुलं होती वीसेक. एवढ्या थोड्या आकड्यांवर ठाम बोलता येत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. अ‍ॅननं पहिल्यांदा प्रश्न विचारला, त्याला तोवर जवळजवळ पंचवीस वर्षं झाली होती. ट्रायक्लोरोइथिलिन माणसात कर्करोग घडवतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये निश्चित म्हणून नोंदवलं, तेही प्रामुख्यानं मूत्रपिंडाच्या कर्करोगाबाबत.

आता कुणी म्हणेल, बघा, शेवटी आईच बरोबर होती. वूबर्नच्या बाबतीत बऱ्याच अंशी होती. पण दरवेळी तसं होत नाही, आणि हे सांगितलं नाही तर ही गोष्ट अर्धवट राहील.

अंगणात मूठभर ज्वारी उधळून बघा. दाणे कधीच सारख्या अंतरावर पडत नाहीत. एका ठिकाणी चार-पाच एकत्र दिसतात, तर दुसरीकडं हातभर जागा मोकळी. कुणी ते तिथं मुद्दाम ठेवलेले नसतात. आजारांचंही असंच असतं. महाराष्ट्रात चाळीस हजारांहून जास्त गावं आहेत. काही कारण नसतानाही त्यातल्या काही गावांत दोन-तीन वर्षांत दोन-तीन मुलं आजारी पडणार, आणि त्या गावाला वाटणार, हे आपल्याच पाण्यात आहे. अमेरिकेत वीस वर्षांत झालेल्या अशा ४२८ चौकश्यांचा आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२ बाबतींत एखाद्या कर्करोगाचं प्रमाण खरोखर जास्त असल्याचं ठरलं. संशय घेतलेल्या कारणाशी कमी-अधिक संबंध जुळला तो तीन ठिकाणी. आणि कारण स्पष्टपणे सिद्ध झालं ते फक्त एका ठिकाणी.

कधी कधी संशय खरा वाटतो आणि उत्तर भलतीकडंच निघतं. इंग्लंडमध्ये सेलाफिल्ड इथला कारखाना २०२२ पर्यंत अणुइंधनावर प्रक्रिया करत होता. १९८३ मध्ये एका दूरचित्रवाणी माहितीपटानं दाखवून दिलं, की शेजारच्या सीस्केल गावात मुलांचा ल्युकेमिया फार आहे. सरकारी समितीनं १९८४ मध्ये प्रमाण जास्त असल्याचं मान्य केलं. सगळ्यांना वाटलं, कारण किरणोत्सर्ग. पण जेवढा किरणोत्सर्ग बाहेर आला होता, त्यातून एवढे रुग्ण होण्याचा हिशेब लागेना. लिओ किनलेन या संशोधकानं वेगळीच कल्पना मांडली. आडबाजूच्या वस्तीत बाहेरून एकदम खूप माणसं येऊन राहिली, की एखादा साधा, अजून न सापडलेला संसर्ग पसरतो आणि त्याचा दुर्मीळ परिणाम म्हणून काही मुलांना ल्युकेमिया होत असावा. या कल्पनेला पुढं बराच आधार मिळाला, तरी सीस्केलचा वाद पुरता मिटलेला नाही.

आपल्या देशातही असा प्रश्न विचारणारे झाले. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर १९७० च्या दशकापासून २००० पर्यंत विमानातून एन्डोसल्फान हे कीटकनाशक फवारलं जात होतं. तिथल्या एका खेड्यातले डॉक्टर मोहनकुमार यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडं येणाऱ्या रुग्णांत अपंगत्व, मतिमंदत्व, कर्करोग यांचं प्रमाण विचित्र आहे. त्यांनी ते लिहून ठेवलं आणि लोकांसमोर मांडलं. कृषी खात्यातल्या लीलाकुमारी अम्मा यांनी कोर्टात जाऊन फवारणीला मनाई मिळवली. पुढं २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभर एन्डोसल्फानवर बंदी घातली आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. इथंही सुरुवात नोंदींपासूनच झाली होती.

आता आमच्या तालुक्याकडं येऊ. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. कित्येक घरांतली माणसं गेली. पण त्या साथीचं मूळ लवकर कळलं. ती हिपॅटायटिस ई या विषाणूची होती आणि तो दूषित पाण्यातून पसरतो. हे लवकर का कळलं? कारण या आजारात दूषित पाणी पोटात गेल्यापासून काही आठवड्यांत डोळे पिवळे होतात. कारण आणि परिणाम एकाच ऋतूत शेजारी शेजारी उभे असतात. कर्करोगात तसं नसतं. मधे कित्येक वर्षं जाऊ शकतात; लहान मुलाच्या बाबतीत तर सुरुवात कधी कधी आईच्या पोटातच झालेली असते. तोवर घर बदललेलं असतं, विहीर बुजलेली असते, कारखाना बंद पडून त्याच्या जागी मंगल कार्यालय उभं राहिलेलं असतं. म्हणून कर्करोगाच्या प्रश्नाला एकदा पाहणी करून भागत नाही. त्याला वर्षानुवर्षं चालणारी नोंद लागते.

ही नोंद ठेवायची परंपरा महाराष्ट्रातच आहे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. भारतातली पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीनं, डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानं सुरू केली. आणि देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली ती सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला, १९८७ मध्ये. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं तिच्यात होती. शहरात रुग्णालयांची कागदपत्रं तपासली की भागतं. खेड्यात अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हते. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊ लागले. जाणत्या माणसांना भेटायचं, चार लोकांना जमवून कर्करोगाची लक्षणं समजावून सांगायची, कुणाला गाठ आहे, कुणाला रक्तस्राव होतो हे विचारायचं आणि संशय वाटेल त्याला तपासणीसाठी पाठवायचं.

यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की नुसत्या या गावभेटींमुळं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यावर उपचाराला येऊ लागल्या. मोजायला गेलेली माणसं मोजता मोजता जीवही वाचवून आली. पुढं याच मंडळींनी उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांवर केलेली तपासणीची चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती जगभर वाखाणली गेली.

इथं एक फरक समजून घ्यायला हवा. रुग्णालय आपल्याकडं आलेल्या रुग्णांची नोंद ठेवतं. पण हातकणंगल्याचं मूल कधी कोल्हापूरला दाखल होतं, कधी मिरजेला, कधी पुण्याला, कधी मुंबईला. प्रत्येक ठिकाणी ते एकटंच असतं. चार रुग्णालयांतली ही चार मुलं एकाच गावची आहेत, हे कुठल्याच एका डॉक्टरला दिसत नाही. लोकसंख्येवर आधारित नोंदणी मात्र रुग्णाचा पत्ता धरून चालते. सगळीकडची नावं गोळा करून ती पुन्हा त्या त्या गावच्या खाती मांडते. वूबर्नच्या चर्चमध्ये त्या संध्याकाळी जे एकदा झालं, ते ही नोंदणी दरवर्षी करते. २०२० मध्ये निघालेल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी अहवालात देशातल्या अशा २८ नोंदण्यांचे आकडे होते. महाराष्ट्रातल्या मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड या त्यात होत्या. कोल्हापूर जिल्हा त्यात नव्हता.

याचा अर्थ काय होतो, ते ढोबळ हिशेबानं सांगतो. हातकणंगले तालुक्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या आसपास होती. त्यात चौदा वर्षांपर्यंतची मुलं सुमारे दोन लाख धरू. शहरी नोंदण्यांत दहा लाख मुलांमागं वर्षाला शंभर किंवा त्याहून काही जास्त मुलांना कर्करोग होताना दिसतो. या हिशेबानं नदी अगदी निर्मळ असती, तरी तालुक्यात वर्षाला वीसेक मुलं आजारी पडणार. त्यातली साधारण एक तृतीयांश रक्ताच्या कर्करोगाची. म्हणजे तालुक्यात तीन वर्षांत तीन मुलं, यात आश्चर्य काहीच नाही. पण पाच हजार वस्तीच्या एकाच गावात तीन वर्षांत अपेक्षित संख्या अर्ध्याहूनही कमी येते. तिथं तीन मुलं निघाली, तर तो नुसता योगायोगही असू शकतो, पण चौकशी करण्याइतका तो प्रश्न नक्कीच मोठा आहे. कुठला आकडा कशाशी ताडून बघायचा हे ठाऊक असेल, तरच हा फरक कळतो. नोंदणी नसेल, तर "फार झालेत" म्हणणाराही अंदाजानं बोलतो आणि "काही नाही" म्हणणाराही अंदाजानंच.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी शेवटी एवढंच सुचवलं, की वही कर. आजाराचं नेमकं नाव लिही, कारण कर्करोग हा एक आजार नाही, अनेक आहेत, आणि वेगवेगळे आजार एकत्र मोजून काही कळत नाही. निदानाची तारीख आणि मुलाचं वय लिही. आई गरोदर असताना कुठं राहत होती, कुठल्या विहिरीचं, नळाचं की बोअरचं पाणी पीत होती, ते लिही. त्यानं तसं केलं. त्याच्या यादीतल्या तिसऱ्या मुलाला रक्ताचा नव्हे, डोळ्याचा कर्करोग निघाला. दुसरं कुटुंब आजाराच्या चार महिने आधीच बाहेरगावाहून आलेलं होतं. म्हणजे त्याच्या पट्ट्यात त्या प्रश्नाला धरून मोजण्याजोगं मूल उरलं एकच, त्याचं स्वतःचं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, निदान इतरांना उगाच घाबरवायचं नाही, एवढं तरी कळलं." या वहीवरून नदी निर्दोष ठरत नाही, हेही मी त्याला सांगितलं. एका गल्लीच्या वहीत तेवढी ताकद नसते. ती येते जिल्ह्याच्या वहीत.

आणि ही वही लिहिताना एक पथ्य पाळावंच लागतं. कारणाच्या शोधात उपचार मागं पडता कामा नयेत. रक्ताचा कर्करोग झालेली बरीच मुलं आज पूर्ण बरी होतात. श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक बरी होतात. आपल्याकडं हे प्रमाण कमी पडतं, त्याला उशिरा झालेलं निदान आणि अर्ध्यात सोडलेले उपचार ही मोठी कारणं आहेत. आठवड्यानं, दोन आठवड्यांनी परत येणारा ताप, फिकट पडलेला चेहरा, अंगावर विनाकारण उठणारे निळे डाग, हाडं दुखतात म्हणून रडणारं पोर, यांपैकी काही दिसलं तर रक्ताची साधी तपासणी लगेच करून घ्यावी.

नदी स्वच्छ व्हावी यासाठी कर्करोगाचा पुरावा हाती येईपर्यंत थांबायची गरज नाही. मेलेले मासे आणि २०१२ ची कावीळ एवढा पुरावा त्यासाठी पुरेसा आहे. पण मुलांच्या आजाराविषयी आईबाप जे विचारतात, त्याचं उत्तर हवं असेल, तर जिल्ह्याला स्वतःची कायमची कर्करोग नोंदणी हवी. पंजाब आणि शेजारच्या कर्नाटकासारख्या काही राज्यांनी प्रत्येक कर्करोगाची माहिती सरकारला कळवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलं आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याची कर्करोग नोंदणी १९८२ मध्ये सुरू झाली, वूबर्नचा प्रश्न तिथं धगधगत असताना. १९७९ मध्ये अ‍ॅनला चर्चमध्ये बसून जे हातानं लिहावं लागलं, ते नंतरच्या आयांना पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागलं नाही.

आपल्या ग्रामसभेत रस्ते निघतात, गटारं निघतात, समाजमंदिर निघतं. पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी उठून आणखी एक ठराव मांडावा. या गावात कुणाला कोणता कर्करोग झाला, याची नोंद जिल्ह्याच्या खाती व्हावी. दोन ओळींचा ठराव आहे. त्याला निधी फार लागत नाही, आणि त्याला विरोध कुणी का करावा, हे मला तरी सुचत नाही.